फळ्यावरचा जून

अभिनव कॉलनीच्या समाजभवनाच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. वर्षानुवर्षं त्यावर दोनच प्रकारचा मजकूर येत असे. एक, ‘उद्या नळ येणार नाहीत.’ दोन, ‘कालही आले नाहीत, तरी सहकार्य करावे.’ मे महिन्याच्या सभेत कुणीतरी म्हणालं, की पुसदसारख्या शहरात फळ्याचा इतका रडका उपयोग शोभत नाही, त्यावर दिनविशेष लिहिले जावेत. महिना लागायच्या आधीच त्या महिन्यात इतिहासात काय काय घडलं ते एकदम लिहून टाकायचं, म्हणजे रोज खडू शोधायला नको. सूचना मंजूर झाली आणि सगळ्यांच्या माना कोकिळाताई गावंडे यांच्याकडे वळल्या. सभेत जो गप्प बसतो त्याच्या गळ्यात काम पडतं, हा निसर्गनियम आहे. न्यूटनच्या नियमांना पुढे मर्यादा सापडल्या; याला अजून सापडलेली नाही.

कोकिळाताई कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. नाव ठेवणाऱ्यानं आवाज ऐकला नसावा. मागच्या बाकावरची पोरं त्यांचं शिकवणं ओठांवरून वाचत. पण फळ्यावरचं अक्षर असं, की पुसायला शिपाई धजत नसे. अकरावीचं पहिलं प्रकरण मापनाचं, आणि त्यांचा सगळा जीव त्या प्रकरणात. ‘कुठलंही माप पूर्ण खरं नसतं, म्हणून त्यात चूक किती असू शकते तेही प्रामाणिकपणे शेजारी लिहायचं,’ असं त्या दर वर्षी सांगत. पोरं दिवाळीपर्यंत ते विसरत. कोकिळाताईंना स्वतःच्या बाबतीत ते विसरता येत नसे, आणि त्याचं कारण जूनमध्येच दडलेलं होतं.

यादी करायला एखाद्याला एक दुपार पुरली असती. त्यांना पंधरवडा लागला, कारण प्रत्येक तारीख दोन ठिकाणी पडताळल्याशिवाय त्या घेणार नव्हत्या. सहा जूनला शिवराज्याभिषेक. त्याच्यापुढे त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, ‘ही तारीख तेव्हाच्या इंग्रजी कालगणनेप्रमाणे, आजच्या कालगणनेत दहा दिवसांचा फरक पडतो.’ हे वाचून त्यांचे यजमान सदाशिवराव यांनी चष्मा काढला. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. धरणाची पातळी सांगताना चार बोटं इकडं, चार बोटं तिकडं, अशा वातावरणात आयुष्य गेलेलं.

“एवढं नको लिहू,” ते म्हणाले.

“पण खरं आहे ते.”

“खरं आहे म्हणूनच नको लिहू. आपलं घर रस्त्यावर आहे.”

ती ओळ गेली. बाकीचा जून मात्र कर्तबगार निघाला. सोळा तारखेला, १९६३ साली, पहिली बाई अवकाशात गेली. एकवीसला वर्षातला सर्वांत मोठा दिवस. पंचवीसला १९८३चा क्रिकेटचा विश्वचषक, हे सदाशिवरावांचं एकमेव योगदान. सव्वीसला शाहू महाराजांची जयंती. तीसला, १९०८ साली, सैबेरियाच्या आकाशात काहीतरी फुटलं आणि अख्खं जंगल आडवं झालं.

फक्त पहिली ओळ रिकामी होती. एक जून.

आता इथे परक्या माणसाला थोडं समजावून सांगावं लागेल. आपल्याकडे ज्या पिढीत पोराच्या जन्माची तारीख टिपायची तर आधी घरात टिपता येणारा माणूस लागे, त्या पिढीला शाळेत घालताना गुरुजी विचारत, “केव्हा झाला?” बाप म्हणे, “तूर काढून राह्यलो होतो तवा.” गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. कान हातात आला, की पोरगं सहा वर्षांचं झालं असं समजून गुरुजी एक जून लिहीत आणि पुढच्या पोराला हाक मारत. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यात साठीच्या पुढची निम्मी जनता एक जूनला जन्मलेली आहे. सरकारी नियमात एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून एकतीस मेला कचेऱ्यांमध्ये शाल कुणाला कुणी घालायची तेच कळत नाही, कारण घालणाराही निरोपाला बसलेला असतो.

कोकिळाताईही एक जूनच्याच. १ जून १९६३. आयुष्यभर प्रत्येक अर्जावर त्यांनी ही तारीख लिहिली आणि प्रत्येक वेळी खोटी सही केल्यासारखं वाटलं. सगळ्या जगाची मापं तपासणारी बाई स्वतः कुणाच्या तरी अंदाजावर उभी होती. त्यांना साडी नको होती, केक नको होता. आपण खरोखर ज्या दिवशी या जगात आलो तो एक दिवस हवा होता. तो जगात एकाच माणसाला ठाऊक असणार, आणि ते माणूस, त्यांची माय, कळंबजवळच्या गावी भावाच्या घरी, पंच्याऐंशी ओलांडून, एकेक गोष्ट विसरत चाललं होतं. तरुणपणी विचारलं की माय म्हणायची, “पुसत काय बसली, भाकर खा.” मागच्या दिवाळीत मायनं कोकिळाताईंना त्यांच्या मावशीच्या नावानं हाक मारली होती. तेव्हापासून त्यांच्या पोटात एक घड्याळ चालू झालं होतं.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पण यादी घेऊन त्या पुढच्या सभेला गेल्या आणि शेजारच्या विमलताईंनी कागदावर बोट ठेवलं.

“एक जून काहून रिकामा? एक जूनले तं आपला साऱ्यांचा वाढदिवस असते!”

“तो वाढदिवस नाही,” कोकिळाताई म्हणाल्या. “ती गुरुजींची सोय होती.”

आवाज हळू असला की वाक्य जास्त लागतं. कॉलनीचे अध्यक्ष धम्मरत्न भगत, बँकेतून निवृत्त झालेले गोड माणूस, समजुतीनं म्हणाले, “मॅडम, मग खरे दिवस तुम्हीच काढून द्या. तुम्ही सायन्सच्या आहा. मायबाप जे सांगत होते ते आम्ही सांगतो, तुम्ही हिशोब करा.”

मागून उकंडाजी ओरडले, “हो जी! इतिहासात आमचं बी नाव येऊ द्या!”

इथे कोकिळाताईंनी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. त्या ‘बघू’ म्हणाल्या. ज्या बाईचा स्वतःचाच प्रश्न सुटत नाही तिला दुसऱ्याचा सोडवायचा मोह होतो, आणि पद्धत बरोबर असली की उत्तर चांगलंच येणार असा विज्ञान शिकलेल्या माणसाचा एक भाबडा समज असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून त्यांच्या ओसरीवर माणसं यायला लागली. कुणी ‘पऱ्हाटी फुलली होती तवा’, कुणी ‘आजा मेला त्याच्या तेराव्याले’. आजा कधी मेला? ‘मी झालो तवा.’ अशा माणसांना कोकिळाताई चहा देऊन परत पाठवत.

पहिलं यश धम्मरत्न भगतांच्या बाबतीत आलं. त्यांच्या आईनं सांगून ठेवलं होतं, की दीक्षेला नागपूरला गेलो तेव्हा पोरगं बापाच्या खांद्यावर होतं आणि त्याला खालचे दोन दात आले होते. “नाव बी तवा दुसरंच होतं,” भगत म्हणाले, “हे मागून ठेवलं.” कोकिळाताईंचे डोळे चमकले. दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६. दोन दात म्हणजे साधारण सहा ते नऊ महिने. “तुमचा जन्म छप्पन सालच्या जानेवारी ते एप्रिलमधला,” त्यांनी जाहीर केलं. भगतांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं आईची ती गोष्ट नुसती गोष्ट होती. आज तिला साल आलं, महिना आला. ते कोकिळाताईंना नमस्कार करून गेले आणि वीस मिनिटांनी परत आले.

“मॅडम, कागदावर मी सत्तावनचा हाय.”

“हो.”

“म्हंजे मी बँकेत एक वर्ष जास्त काम केलं.”

“तसं दिसतं खरं.”

भगत हळूच खुर्चीवर बसले. “हे फळ्यावर नका लिहू,” ते म्हणाले. “बँकेतले पोट्टे रोज या रस्त्यानं फिराले जाते.”

दुसरं यश विमलताईंचं. त्यांना तर हिशोबाचीही गरज नव्हती. “नेहरूजी गेले त्या दिवशी मी झाली,” त्या भर ओसरीवर हात नाचवत म्हणाल्या. “पंचायतीचा रेडिओ रडून राह्यलता अन् घरात मी!”

“सत्तावीस मे एकोणीसशे चौसष्ट,” कोकिळाताई म्हणाल्या. इतकी निखळ तारीख त्यांना इतक्या दिवसांत मिळाली नव्हती. चूक शून्य. त्यांनी विमलताईंकडे जवळजवळ मत्सरानं पाहिलं.

पण विमलताईंचे यजमान सोबत आले होते आणि ते बोटांवर मोजत होते. “चौसष्ट? मी तं पासष्टचा हाय.”

“मंग?” विमलताई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांना काहीतरी आठवलं.

“लग्नात तुह्या बापानं सहासष्ट सांगतलं होतं.”

ओसरीवरची माणसं चहाच्या कपात पाहू लागली.

“म्हंजे इतके वर्ष मी माह्याहून मोठ्या बाईले ‘अवं’ म्हनून राह्यलो!”

हा स्फोट शांत करावा म्हणून कोकिळाताई म्हणाल्या, “तुमचीही तारीख एक जूनच आहे ना? म्हणजे तुमचंही पासष्ट निश्चित नाही. तुम्ही मोठे असण्याची शक्यता आहे.” हे त्यांनी निव्वळ शास्त्रीय काटेकोरपणातून सांगितलं. पण यजमानांनी ते आश्वासन समजून उचललं आणि आपण बायकोहून मोठे असल्याचा पुरावा शोधायला ते सरळ महागावला, आपल्या चुलत्याकडे निघून गेले. दोन दिवसांनी परत आले ते मान खाली घालून. चुलत्याच्या हिशोबात ते सदुसष्टचे निघाले. त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला पाण्याचा पेला दोन्ही हातांनी दिला आणि म्हणाले, “घ्या, ताई.” विमलताईंनी कोकिळाताईंशी बोलणं बंद केलं. त्यांच्या घरची कैऱ्यांची परडी दर उन्हाळ्यात यायची, ती या वर्षी समोरून पलीकडच्या घरी गेली.

“मी फक्त तारीख सांगितली,” कोकिळाताई नवऱ्याला म्हणाल्या.

“विजेच्या तारेनंही फक्त वीज नेलेली असते,” सदाशिवराव म्हणाले. हे वाक्य शास्त्रदृष्ट्या बरोबर होतं म्हणून त्यांना आणखी राग आला.

आणि मग उकंडाजी. आधीची दोन पोरं गेली म्हणून यांना जन्मल्यावर उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणलेलं. नजर लागू नये म्हणून नावही तेच. कागदावर ते एकोणपन्नासचे, म्हणजे पंच्याहत्तरी पार. पंच्याहत्तरीच्या पुढं एसटी फुकट, त्याआधी अर्धं तिकीट. ही सवलत सुरू झाल्यापासून उकंडाजी रोज सकाळी आंघोळ करून दिग्रसला जात आणि चहा पिऊन परत येत. दिग्रसला त्यांचं काहीही काम नव्हतं. “गाडी आपलीच हाय, तं घरी कायले बसा?” असं त्यांचं म्हणणं. चालक-वाहक त्यांना ‘साहेब’ म्हणत, खिडकीची जागा राखून ठेवत. बायको गेल्यावर हा माणूस त्या खिडकीमुळे टिकला होता.

“मायनं पयल्या निवडणुकीत मत टाकलं तवा मी पोटात होतो,” उकंडाजींनी छाती पुढे काढून सांगितलं. “म्हने, साहेबानं पुसलं, एक मत का दोन?”

कोकिळाताईंनी मनात हिशोब केला आणि तिथेच थांबायला हवं होतं. पहिली निवडणूक एक्कावन्नच्या अखेरीस सुरू होऊन बावन्नमध्ये संपली. म्हणजे हा माणूस बावन्नचा. त्र्याहत्तर. पंच्याहत्तरीला अजून अवकाश. त्यांनी खोटं बोलायचं ठरवलं, तोंड उघडलं, आणि तोंडातून ‘बावन्न’ बाहेर पडलं. सवय वाईट.

उकंडाजींना आधी आनंदच झाला. तीन वर्षांनी तरुण झाले होते ते. मग ओसरीवरच्या कुणीतरी हसत विचारलं, “मंग काका, आता अर्धं तिकीट काढा लागन?”

दुसऱ्या दिवशी उकंडाजी दिग्रसला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. कोकिळाताई स्वतः त्यांच्या घरी गेल्या. म्हातारा बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला.

“काका, कागदावर तुम्ही एकोणपन्नासचेच आहात. कुणी विचारणार नाही.”

“पन मले तं मालूम झालं नं,” उकंडाजी भिंतीकडे पाहत म्हणाले. “आता त्या पोट्ट्याच्या तोंडाकडं पाहून फुकट कसं बसू? अन् अर्धं तिकीट काढलं तं तो मले साहेब म्हनन काय? तुमच्या सायन्सनं खिडकी गेली माही, मॅडम.”

कोकिळाताई घरी आल्या. प्रयोगशाळेत हातून काच फुटली की कुठे ठेवायची ते ठरलेलं असतं. इथे काहीच ठरलेलं नव्हतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात तातडीची सभा भरली. भगत उभे राहिले आणि नेहमीच्याच गोड आवाजात म्हणाले, “मॅडम, तुमच्या मेहनतीचा आदर हाय. पन त्या एक जूनवर आपली नोकरी झाली, लग्नं झाली, पेन्शन बसली. पोरंबाळं त्याच दिवशी पाया पडले. आता तिले खोटी कशी म्हनाची? वापरून वापरून खरी झाली ते.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात विमलताईंच्या यजमानांनी. ठराव झाला: फळ्यावर पहिली ओळ ‘१ जून : कॉलनीतील समस्त ज्येष्ठांचा वाढदिवस’. शिवाय रस्त्याच्या तोंडाशी सगळ्यांच्या फोटोंचा फ्लेक्स लावायचा. उकंडाजींना खुर्चीवर बसवून आणलं होतं. भगतांनी त्यांना मोठ्यानं सांगितलं, की सभेनं तुमचं वय पूर्ववत केलेलं आहे. वय ठरावानं पूर्ववत होतं हे ऐकून कोकिळाताईंना काही बोलावंसं वाटलं, पण म्हाताऱ्याचा चेहरा जरा सैल झालेला दिसला आणि त्या बसून राहिल्या.

शेवटी त्यांनी एकच मागितलं. “फ्लेक्सवर माझा फोटो नको.”

“मंग तुमचा वाढदिवस कवा?” विमलताईंनी अबोल्यानंतर पहिल्यांदा त्यांना उद्देशून वाक्य टाकलं, आणि ते वाक्य कैरीसारखं आंबट होतं.

“विचारून येते,” कोकिळाताई म्हणाल्या.

तीस मेला त्या पहाटेच्या गाडीनं यवतमाळला आणि तिथून कळंबला उतरल्या. मायला एकदम विचारण्याआधी कागदोपत्री काही सापडतं का ते पाहावं, म्हणून त्या आधी जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात गेल्या. खिडकीत बबिता नावाची मुलगी होती, तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, “कोणत्या तारखेचा दाखला पाहिजे, काकू?”

“तीच तारीख शोधायची आहे.”

“हो, पण तारीख सांगा नं. तारखेशिवाय रजिस्टर कसं काढू?”

“तारीख माहीत असती तर मी आले नसते.”

“अन् तारीख माहीत नसन तं आम्ही शोधू शकत नाही.” बबितानं हे इतक्या सहानुभूतीनं सांगितलं, की रागावायचीही सोय राहिली नाही. मग तिनं मार्ग सुचवला. “असं करा, अंदाजे एक तारीख लिहून द्या. मी त्या दिवशी नोंद नाही म्हणून लिहून देते. मग दुसरी तारीख लिहून द्या.”

“म्हणजे वर्षभर?”

“घाई नाही आमची.” मग तिनं अर्ज पुढे सरकवला. “बरं, अर्जावर तुमची जन्मतारीख तेवढी टाका.”

कोकिळाताईंनी तिथे १ जून लिहिलं. पेन जडच चाललं. मग अर्ज घडी घालून पर्समध्ये टाकला आणि त्या गावच्या ऑटोत बसल्या.

माय ओसरीत बाजेवर बसली होती. चेहरा निवळलेला, नजर स्वच्छ. तिनं लगेच ओळखलं. “कोकिळा आली वं!” भाऊ पेपर वाचत होता, वहिनी तूर निवडत होती. कोकिळाताईंनी पायांवर डोकं ठेवलं आणि उशीर नको म्हणून तिथेच विचारलं, “माय, मी झाली तेव्हा काय होतं?”

मायनं डोळे बारीक केले. “जग बुडनार होतं.”

“म्हणजे?” कोकिळाताईंनी विचारलं.

“आठ गिरहं एका जागी आलते. गावात होम चालू. कोनी अन्न सोडलं. तो पल्याडचा म्हने, बुडाचंच हाय तं बकरी कायले ठेवा, अन् बकरी कापून सारी खाल्ली त्यानं. दुसऱ्या दिवशी जग जागच्या जागी अन् बकरी गेली!”

अष्टग्रही. फेब्रुवारी १९६२, तीन ते पाच तारीख. कोकिळाताईंच्या डोक्यात ग्रह आपापल्या जागी जाऊन बसले. त्या एका वर्षानं मोठ्या झाल्या होत्या आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. त्या आणखी दहा वर्षांनी मोठ्या व्हायला तयार होत्या. अखेर आकाशानं साक्ष दिली होती. “आणि मग?” त्यांनी विचारलं.

“रातभर कळा. फाटे फाटे बाळ झालं. गोरंपान. तुहे बाबा म्हने, जग वाचवाले आला माहा पोरगा.”

“पोरगा?”

“तुहा भाऊ वं!”

भावानं पेपर खाली केला आणि कसनुसं हसला. त्याची पत्रिका आत देवघराजवळ होती; तीत घटका-पळं लिहिलेली होती, आनंदाच्या भरात कोकिळाताईंना ती आठवलीच नव्हती. जगबुडीही त्याच्याच नावावर निघाली.

“आणि मी, माय?”

“तू तं मंग झाली.”

“मंग म्हणजे किती मंग?”

“भाऊ चालाले लागलता.”

म्हणजे त्रेसष्टच्या आसपास. काहीतरी हाती येत होतं. कोकिळाताई पुढे सरकल्या. “उन्हाळा होता का पावसाळा?”

“मी घरात होती बाई. मले काय मालूम बाहीर काय होतं.”

“कुणाचं लग्न? पूर? कुणी मेलं? काहीतरी झालं असेल ना त्या दिवशी!”

मायनं खरंच प्रयत्न केला. कपाळावर आठी घालून ती ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली. मग मान हलवली.

“काईच झालं नाई, बाई, त्या दिवशी. म्हनून तं याद नाई.”

वहिनीचे हात तुरीत थांबले. भावानं पेपर परत वर केला, पण पान उलटलं नाही. महिनाभर जूनमधले पराक्रम गोळा करणाऱ्या कोकिळाताईंना आपला दिनविशेष मिळाला होता. काही घडलं नाही.

त्यांचा चेहरा पाहून माय अस्वस्थ झाली. बाजारात आलेल्या पोरीनं हट्ट धरावा आणि आईनं पदराची गाठ सोडावी, तशा आवाजात म्हणाली, “तुले कोनता पाह्यजे?”

“मला निवडायचा नाही, माय. मला खरा पाहिजे.”

“मंग आजचा घे. आज चांगला दिवस हाय.” आणि वहिनीला हाक मारून तिनं निरांजन मागितलं. मग ओवाळलं, साखरेची चिमूट तोंडात घातली, कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढली. कोकिळाताईंनी ते होऊ दिलं. चहा आला. चहा संपेपर्यंत मायच्या डोळ्यांतलं काहीतरी सरकलं होतं.

“कोकिळे, कवा आली?”

“आत्ताच, माय. वाढदिवस विचारायला.”

“कोनता पाह्यजे तुले? पोळ्याचा घे. पोळ्याले बैलं सजते, गाव सजते. घे तो.” पुन्हा निरांजन. पुन्हा साखर.

एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मोजली की माप खऱ्याच्या जवळ सरकतं, असं कोकिळाताईंनी तीस वर्षं शिकवलं होतं. म्हणून त्या विचारत राहिल्या. जेवणाआधी मायनं संक्रांत दिली, कारण तीळ गोड असते. जेवणानंतर होळी, कारण पोरगी जरा तिखटच होती. उन्हं कलताना दिवाळी दिली. तेव्हा कापूस घरी येते, घर भरलेलं असते. प्रत्येक वेळी तितक्याच खात्रीनं, आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच. मापं एकमेकांच्या जवळ यायचं नाव घेत नव्हती. ती वर्षभर पसरली होती. निराश माणूस शेवटी करतो ते कोकिळाताईंनी केलं. त्यांनी मनातल्या मनात सरासरी काढली.

जूनच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला आली.

वर्षभर विखुरलेल्या कशाचीही सरासरी वर्षाच्या मध्याच्या आसपासच पडणार, यात काही चमत्कार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. हे अकरावीच्या पोरालाही कळलं असतं. तरी त्या ओसरीच्या खांबाला टेकून बराच वेळ हसत होत्या, आणि वहिनीला कळेना की या बाईला पाणी द्यावं की डोळे पुसायला पदर.

परतीची गाडी चुकली होती. भाऊ म्हणाला, आता राहाच. माय झोपेतून उठल्यासारखी त्यांच्याकडे पाहून एकदम खुलली.

“कोकिळा! कवा आली वं? अन् सुकली कितीक! कायले आली?”

“वाढदिवस आहे माझा, माय,” कोकिळाताई म्हणाल्या आणि बाजेजवळ सरकून त्यांनी कपाळ पुढे केलं.

“आज?” माय हरखली. “अवं, मंग सांगाचं नाई काय! सूनबाई, साखर आन!”

वहिनी जागची उठली नाही. साखरेचा डबा तिनं दुपारपासून हाताशीच ठेवला होता.